काशीरामचं मधलं वाक्य

रत्नागिरीत चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, काशीराम तांबेचा आवाज त्याने ऐकलेला असतो. तोंड मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं. तोंड रिक्षाच्या आत, मागच्या सीटवर, पोस्टरच्या दोन फळ्यांच्या मध्ये अडकलेलं असायचं. बाहेर यायचा तो फक्त आवाज, टपावरच्या भोंग्यातून, माळनाक्यापासून थेट मांडवीपर्यंत. बँकेच्या रांगेत हा बुटका, काळासावळा, शर्टाचं वरचं बटण लावणारा माणूस तुमच्या पुढे उभा असला तर तुम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण त्याने "जरा सरकताव काय?" एवढं म्हटलं की निम्मी रांग मागे वळायची आणि कुणीतरी विचारायचंच, "काय हो, आज कुठला लागलाय?"

पिक्चर लागायचे ते दिवस होते. काशीराम देवरुखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. दहावीला गणितात आपटला आणि शहरात येऊन एका टॉकीजमध्ये बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीत बसवायच्या कामाला लागला. एकदा जाहिरात करणारा माणूस तापाने फणफणला. मालकाने हाताला लागेल त्याला रिक्षात कोंबलं, तो हा. काय बोलायचं ते मालकाने घोकून घेतलं होतं: शानदार दुसरा आठवडा, दररोज तीन खेळ, सहकुटुंब पाहा. काशीरामने ते तसंच्या तसं म्हटलं. पण गाडीतळाच्या उतारावर त्याला राहवलं नाही आणि त्याने आपलं एक जोडून दिलं: "आणि पिक्चर नाय आवडला, तरी तीन तास पंख्याखाली बसल्याचं समाधान कुठं जात नाय!"

त्या खेळाला बाल्कनी भरली. मालकाने त्याला केबिनमध्ये बोलावून कडक झापलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच पाठवलं.

तेव्हापासून हे ठरून गेलं. निरोप मालकाचा, पण एक निरोप संपून दुसरा सुरू होण्याच्या मध्ये एक वाक्य काशीरामचं. ते रोज नवं असायचं. "खलनायक शेवटी मरतो, पण तो मरेपर्यंत त्याचाच बंगला भारी." "हिरो गरीब हाय, पण केस बघा." लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे ते ह्या वाक्यासाठी. मधलं वाक्य कुणी कापलेलं त्याला खपायचं नाही. एका मालकाने तसं सांगून पाहिलं, तेव्हा ह्याने माईक त्याच्या टेबलावर ठेवला आणि तीन दिवस घरी बसला. एरवी हा माणूस कुणाच्या वाट्याला जाणारा नव्हे. ह्या एका बाबतीत मात्र तो एवढा अडून का बसायचा, हे कळायला त्याचा बाप माहीत पाहिजे.

बाप म्हणजे भागुराम तांबे. वाडीने धम्म घेतला तेव्हा भागुराम मिसरूड फुटलेला पोरगा होता, आणि गावकीची कामं टाकायची असं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी त्याने दवंडीचं काम टाकलं. गावची सभा असो की कुणाचं ढोर हरवलेलं असो, डफ बडवत वाडीवाडीत ओरडत फिरायचं आणि मग लोकांच्या अंगणाबाहेर उभं राहून भाकरी मागायची, हे त्याच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या होतं. भागुरामने तो डफ फोडून चुलीत घातला. आपला मुलगा शहरात भोंग्यातून ओरडत फिरतो हे त्याच्या कानावर गेलं, तेव्हा तो पहिली एसटी पकडून रत्नागिरीत आला आणि टॉकीजच्या पायरीवर मुलाला गाठून म्हणाला, "आमी टाकलं ते तू उचललंस. दुसऱ्याचा निरोप गावभर बोंबलत फिरायचा. फरक काय रं?"

"बाबा," काशीराम म्हणाला, "तुमाला मधी आपलं काय बोलाय मिळायचं?"

भागुराम म्हणाला, "आपलं बोल्लो असतो तं पाठ सोलली असती."

"मना मिळतं," काशीराम म्हणाला. "एकच वाक्य मिळतं. पण ते माझं असतं."

बाप दुपारच्या गाडीने निघाला. मात्र जायच्या आधी तो जयस्तंभाच्या चौकात बराच वेळ उभा होता. रिक्षा आली, निरोप झाला, मधलं वाक्य आलं, आणि भागुरामने शेजारी उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याला कोपराने ढोसून सांगितलं, "ह्ये त्याचं हाय. ह्येवडं त्याचं." तो रिक्षावाला म्हणजे रघू. पुढे टॉकीजच्या फेऱ्यांना त्याचीच रिक्षा लागली आणि आयुष्यभर लागून राहिली. भागुराम त्यानंतर फार जगला नाही. ते शब्द रघूकडून काशीरामने किती वेळा ऐकले असतील, आणि दर वेळी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा विचारायचा, "अजून काय बोल्ला?" अजून काही बोललेलाच नव्हता.

सिनेमाबद्दल काशीरामची मतं ठाम होती, आणि ती ऐकणाऱ्याला एक गोष्ट माहीत नसायची. ह्याने शेकडो पिक्चर पाहिले होते, पण एकही अख्खा नव्हता. संध्याकाळची फेरी मारून तो टॉकीजला परतेपर्यंत मध्यंतर उलटून गेलेलं असायचं. त्यामुळे त्याच्या आयुष्यात प्रत्येक आई आंधळीच सुरू झाली आणि प्रत्येक भाऊ हरवलेलाच. पहिला अर्धा भाग तो आपल्या मनाने रचायचा आणि फेरीत लोकांना तोच सांगायचा. कितीतरी लोक त्याने सांगितलेला पहिला भाग बघायला म्हणून आत गेले आणि तो न सापडल्याने चक्रावून बाहेर आले. कुणी येऊन तक्रार केली तर काशीराम म्हणायचा, "त्यांनी कापला असल. माझ्यात हाय."

लग्न झालं, मिरजोळ्याला दोन खोल्या झाल्या. बायको सगुणा घड्याळ बघून चहा ठेवणारी नव्हती. शेवटची फेरी मिरजोळ्याला संपायची. कारखान्यांच्या रस्त्यावरून रिक्षा वळली की आवाज यायचा, की ती हातातलं काम टाकून आधण ठेवायची. रिक्षा दाराशी येऊन थांबेपर्यंत चहा ग्लासात असायचा, एक काशीरामला, एक रघूला. दोघं पायरीवर बसून तो प्यायचे आणि मग टॉकीजला परतायचे. मुलगी दीक्षा लहान असताना शेजारच्यांना सांगायची, आमचे बाबा आधी ऐकायला येतात, मग दिसतात.

मग केबल आली, सीड्या आल्या, आणि एक एक करून टॉकीजं बसली. काशीरामच्या टॉकीजच्या जागी लग्नाचा हॉल झाला. दुसरा एखादा असता तर रडत बसला असता. काशीराम म्हणाला, "तिथं अजून पिक्चरच चालतात, फक्त मध्यंतरानंतरचा भाग घरी." आणि तो राजकारणात गेला. म्हणजे रिक्षा तीच, रघू तोच, फळ्यांवर नटांच्या जागी उमेदवार.

ह्या धंद्यात त्याच्या लक्षात आलं की आता सगळं उलटं झालंय. पिक्चरचा त्याने फक्त शेवट पाहिला होता. राजकारणाची त्याला फक्त सुरुवात मिळायची. आश्वासनांपर्यंत तो हजर, मतमोजणी झाली की भोंगा उतरवून घरी. पुढे त्या पुलाचं, त्या नळाचं, त्या उद्यानाचं काय झालं ते त्याला पडद्यावर दिसायचंच नाही. "आमच्या आयुष्यात अख्खी गोष्ट लिहिलेलीच नाय," असं तो रघूला म्हणायचा, आणि वर हसायचा.

त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे प्रमोदभाऊ. वॉर्डातला पुढारी, गोरागोमटा, हात जोडण्याची सवय एवढी की झोपेतही जोडलेले असावेत. प्रमोदभाऊंनी पक्ष बदलला की फक्त उपरण्याचा रंग बदलायचा; कट्टर, निष्ठावंत, आपला माणूस, ही विशेषणं काशीरामची जुनीच चालायची. मधलं वाक्यही चालायचं. "मत कुणालाही द्या, पण मतदानाला छत्री न्या, रांगेला छप्पर नाय." प्रमोदभाऊ हसून सोडून द्यायचे.

पुढे नगरपालिकेच्या निवडणुकाच होईनात. मुदत संपली, प्रशासक बसला, कोर्टात तारखा पडत राहिल्या. शहराला नगरसेवक नाही ह्याचं शहराला काही वाटलं नाही. वाटलं ते फक्त काशीरामला. नगरसेवक नाही म्हणजे उमेदवार नाही, उमेदवार नाही म्हणजे फेरी नाही. लोकशाहीवाचून शहरात एकच माणूस तडफडत होता, आणि तो मिरजोळ्याला पायरीवर बसून पालेभाजी निवडत होता.

तेव्हा दीक्षाने त्याला मोठा फोन आणून दिला. ती देवरुखला शाळेत शिकवते. तिने बापाला बोट कसं सरकवायचं ते दाखवलं आणि त्या दिवसापासून सगुणाचं घर बिघडलं. काशीरामला सगळं जग सापडलं. घोरणारी मांजर, रेल्वेचं तिकीट काढायला रांगेत उभा राहिलेला बोकड, नवरदेवाला उचलताना मांडवासकट कोसळलेले मित्र, भाषणात दुसऱ्याच पक्षाला मत मागणारा पुढारी. "सगुणा, ह्यो बघ!" असं दिवसभर चालायचं. मग एके दिवशी त्याला कळलं की जुने पिक्चर इथे फुकट दिसतात, पहिल्यापासून. त्याने आपल्या आवडीच्या एका पिक्चरचा पहिला अर्धा भाग आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. संपल्यावर फोन उपडा ठेवला.

"काय झालं?" सगुणाने विचारलं.

"काय नाय गो. माझा बरा होता."

त्यानंतर विधानसभा आली. प्रमोदभाऊ स्वतः उभे नव्हते, पण वॉर्डातला प्रचार त्यांच्याकडे होता. एका दुपारी खालच्या आळीत रघूने रिक्षा सावलीला लावली, दोघं डबा खायला बसले, आणि काशीरामने माईक मांडीवर ठेवला तो बंद न करताच. मधलं वाक्य त्या दिवशी फार लांबलं.

"रघू, पिक्चरमधी हिरो धा वर्सांनी घरी आला तं आई त्याला जखमेवरून ओळखते. आता प्रमोदभाऊ उद्या घरी गेले तं त्यांची आई कशावरून वळखंल? उपरणं तं दर वेळी नवीन. निष्ठावंत, निष्ठावंत म्हनून माझ्या घशाला कोरड पडली. निष्ठा हाय ना, पण ती खुर्चीशी, आनि खुर्चीनंपन कदी तक्रार नाय केली. बरं, ह्यांनी आणलेला नळ तू पायलास काय? मी नाय पायला. मी तो फकस्त बोल्लोय. माझ्या तोंडातनं जेवडं पानी आलं ना, तेवडं त्या नळातनं आलं असतं तं ही आळी वाहून गेली असती. जरा ती चटणी सरकव."

अख्ख्या आळीने ऐकलं. कुणीतरी गॅलरीतून रिक्षाचा व्हिडिओ घेतला. संध्याकाळपर्यंत तो शहरभर, दोन दिवसांत कुठल्या कुठे. लोक काशीरामला त्याचाच व्हिडिओ पाठवू लागले, हा बघ, हसून पोट दुखेल. "जरा ती चटणी सरकव" हे वाक्य तर पोरं वर्गात म्हणू लागली. कुणी त्याच्या आवाजावर मांजर नाचवली, कुणी बोकड. तिकिटाच्या रांगेतला तोच बोकड, आणि आता तो काशीरामच्या आवाजात नळावर बोलत होता. जगभरची गंमत शोधत बसलेला माणूस शोधता शोधता स्वतःपाशी येऊन पोचला.

त्या आठवड्यात काशीराम खूश होता. इतकं खूश त्याला सगुणाने टॉकीजच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. दीक्षाने फोन करून सांगितलं की स्टाफरूममध्ये सगळे ऐकतायत आणि तिने छाती फुगवून सांगितलं, माझे बाबा. मधलं वाक्य पहिल्यांदाच निरोपावाचून, एकटं, आपल्या पायांनी गाव फिरत होतं. "बाबा असता तं," एवढंच तो रघूला म्हणाला. रघूने मान हलवली.

भीती होती ती प्रमोदभाऊंची. ते चिडतील, माणसं पाठवतील, निदान चार शिव्या देतील. प्रमोदभाऊंनी ह्यातलं काही केलं नाही. त्यांनी तो व्हिडिओ स्वतःच्याच पानावर टाकला. खाली लिहिलं, घरच्या माणसाचं प्रेमाने कान पिळणं, आणि पुढे हात जोडल्याची तीन चित्रं. लोक म्हणाले, वा, केवढं मोठं मन. काशीरामने हे दोनदा वाचलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात धारदार वाक्य प्रमोदभाऊंनी उपरण्यासारखं गळ्यात घालून घेतलं होतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि ते अगदी मनापासून वाटलं.

शेवटी एकदाच्या नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या. काशीरामने ज्येष्ठमध आणला, गरम पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या, आणि पायरीवर बसून नवी वाक्यं जुळवू लागला. इतक्या वर्षांची साठली होती. एकेक वाक्य तो सगुणाला म्हणून दाखवायचा आणि ती हसली तर ठेवायचा. रघूने रिक्षा धुतली. दोघं वाट बघत राहिले. अर्ज भरून झाले, चिन्हं मिळाली, तरी बोलावणं आलं नाही. मग काशीराम स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून प्रचार कार्यालयात गेला.

प्रमोदभाऊ दारातच भेटले. "अरे, या या! तुमचीच आठवण. विनीत, काकांना दाखव." आणि हात जोडून ते मोटारीत बसले.

विनीत हा त्यांचा फोन आणि कॉम्प्युटर सांभाळणारा, तिशीतला, बोलायला गोड माणूस. त्याने काशीरामला खुर्ची दिली, चहा दिला आणि काहीतरी टाइप करून कळ दाबली. खोलीत काशीराम बोलायला लागला. खुर्चीतला नव्हे, टेबलावरच्या स्पीकरच्या पेटीतला. "बंधू आणि भगिनींनो, आपला माणूस, निष्ठावंत माणूस..."

काशीराम पेटीकडे वाकला. "ह्ये मी कदी बोल्लो?"

"नाही बोललात, काका. तीच तर मजा आहे," विनीत म्हणाला. "तुमचा तो चटणीवाला व्हिडिओ आणि जुन्या प्रचाराची रेकॉर्डिंगं, त्यावरून तयार केलंय. मी लिहीन ते तुमच्या आवाजात बोलतं. लोकांना तुमचाच आवाज हवाय हो. भाऊ म्हणाले, काकांना ह्या वयात उन्हातान्हात कशाला फिरवायचं?"

आता इथे कुणीही समजदार माणूस उठून गेला असता, भांडला असता, निदान चहा तरी अर्धा सोडला असता. काशीराम बसून राहिला, कारण तो आवाज वाईट बोलत होता. धावत होता. एकात एक वाक्यं मिसळत होता. लोक म्हणतील काशीराम म्हातारा झाला, त्याला आता जमत नाही. हे त्याला सोसेना.

"असं नाय," तो म्हणाला. "नावाच्या आदी थांबायचं. लोकांनी कान वर केला की मंग नाव. आनि एक निरोप झाला की लगेच दुसरा नाय टाकायचा. मधी जागा सोडायची. ऐकलेलं गिळाय वेळ लागतो माणसाला."

विनीतने तसं केलं. काशीरामने ऐकलं, पुन्हा सांगितलं, विनीतने पुन्हा केलं. वळणावर आवाज कुठे चढवायचा, म्हाताऱ्या माणसांच्या आळीत कुठे उतरवायचा, सगळं सांगितलं. दुपार टळली तेव्हा पेटीतला काशीराम हुबेहूब झाला होता. "एकदम परफेक्ट!" विनीत म्हणाला. काशीरामलाही बरं वाटलं, कसब दाखवल्याचं. रस्त्यावर येऊन उन्हात उभा राहिल्यावर त्याला कळलं की आपण आत काय करून आलो. त्याने खिशात हात घातला. ज्येष्ठमधाची काडी होती. ती त्याने तिथेच गटारात टाकली.

त्यानंतर प्रमोदभाऊंनी त्याचा सत्कार ठरवला. सत्कार टाळता आला असता, पण काशीरामच्या मनात एक होतं. सत्कार म्हटला की सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलायला देतात. माईक हातात येणार होता, निदान एकदा. एकच वाक्य बोलायचं, आपलं, तेही सगळ्यांसमोर, म्हणजे लोकांना कळेल की पेटीतला तो मी नव्हे. तीन दिवस तो ते वाक्य घासत होता. सगुणालाही सांगितलं नाही.

कार्यक्रम त्याच लग्नाच्या हॉलमध्ये, पूर्वीच्या टॉकीजच्या जागी. ज्या अंधारात तो बॅटरी घेऊन उभा असायचा तिथे आता त्याला पहिल्या रांगेत गादीच्या खुर्चीवर बसवलं. शाल झाली, श्रीफळ झालं, प्रमोदभाऊंनी मिठी मारली, फोटो झाले. निवेदक म्हणाला, "आता सत्कारमूर्तींचे मनोगत." काशीराम उठून उभा राहिला. घसा साफ केला. आणि भोंग्यातून आवाज आला:

"मी, काशीराम भागुराम तांबे, प्रमोदभाऊंचा जन्मभर ऋणी आहे. मी बोलतो ते माझ्या मनातलं बोलतो..."

बापाचं नाव कानावर आलं तेव्हा काशीराम खाली बसला. नावाच्या आधी थांबलं होतं ते, बरोबर त्याने शिकवल्यासारखं. सगळ्यांनी आधी कान वर केले आणि मग भागुराम तांबेंचं नाव ऐकलं, ज्याने डफ चुलीत घातला होता. टाळ्या फार वाजल्या. मागच्या पोरांनी चटणी, चटणी असा ओरडा केला. टाळ्या थांबल्यावर काशीरामने शेजारी उभ्या असलेल्या विनीतचा हात धरला.

"मना जरा माईक दे. एक वाक्य बोलायचं हाय."

विनीत खरोखरच गोंधळला. त्यात लबाडी काही नव्हती. "काका," तो हळूच म्हणाला, "तुमचं झालं की आत्ता."

दुसऱ्या दिवशी रघू घरी आला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या रिक्षाला काम लागलं होतं. फळ्या लागल्या होत्या, भोंगा लागला होता, मागच्या सीटवर माणसाच्या जागी एक छोटी पेटी होती. "काशीदादा, तू नको बोल्लास तं नाय करनार," तो म्हणाला. काशीरामने त्याला नको म्हटलं नाही. रघूचा जावई घरी बसून आहे हे त्याला माहीत होतं. "जा," तो म्हणाला. "हळू मार. धक्के बसले की आवाज हलतो."

पुढचे दिवस शहरात काशीराम तांबे कधी नव्हता इतका वाजत होता. राजिवड्याला वाजत होता, कोकणनगरला वाजत होता, एकाच वेळी तीन वॉर्डांत वाजत होता. बाजारात लोक त्याला म्हणायचे, "काय फॉर्मात आहेस रे, ह्या वयात!" आधी तो समजावून सांगायचा. मग नुसती मान हलवू लागला. मग त्याने बाजारात जाणं सोडलं. फोनही कपाटावर ठेवून दिला. त्यात कुठे बोट लावलं की आपणच बोलू लागतो, अशी त्याला धास्ती बसली होती.

प्रचार संपायच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, काशीराम आतल्या खोलीत खाटेवर बसला होता. सगुणा दाराशी बसून सुकट साफ करत होती. कारखान्यांच्या रस्त्यावरून रिक्षा वळली आणि आवाज आला. सगुणा उठली. हात धुतले, पातेलं घेतलं, आधण ठेवलं. इतक्या वर्षांची सवय, तिच्या ध्यानातही आलं नाही. काशीरामने आतून ते बघितलं. मी इथे आहे, असं त्याला म्हणायचं होतं, पण तिला वाईट वाटेल म्हणून तो गप्प बसला.

रिक्षा जवळ येत गेली. निष्ठावंत झालं, आपला माणूस झालं, चिन्ह झालं. रिक्षा बरोबर दारासमोर आली आणि निरोप संपला. आता मधली जागा होती. त्यानेच सोडायला लावलेली, त्याच्याच मापाची. भोंगा गप्प, रस्ता गप्प. शेजारची म्हातारी कान देऊन गॅलरीत उभी होती, जुन्या सवयीने. काशीरामने तोंड उघडलं. इतकी वाक्यं साठवली होती, सगुणा हसली म्हणून ठेवलेली, सत्कारासाठी घासलेली. त्यातलं एकही आठवलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून निरोप सुरू झाला. रघूने दाराकडे बघितलं नाही. रिक्षा पुढे गेली आणि आवाज वळणाआड कमी होत गेला.

"काय बोल्लाव काय?" सगुणाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काय नाय गो."

ती दोन ग्लास भरून बाहेर पायरीपर्यंत गेली. तिथे कुणी नव्हतं. थोडा वेळ ती तशीच रस्त्याकडे बघत उभी राहिली, मग आत आली आणि दोन्ही ग्लास तिने त्याच्याच पुढे ठेवले.